करंगळीचा ठसा

गणपतीचे डोळे काढताना करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवावी लागते. बाकीची बोटं ब्रश धरतात, करंगळी हाताला आधार देते. टेकवायची म्हणजे लागली न लागली अशी. जोर दिला तर गालाचा ओला रंग उचलला जातो, आणि टेकवलीच नाही तर हात हलून देव चकणा होतो. हे वडिलांनी मला बाराव्या वर्षी शिकवलं. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं मला करंगळीचा विचार करावा लागला नाही. करंगळीचा विचार कोण करतं?

मी हमरापूरची. पेणचे गणपती म्हणून जे मुंबई-पुण्याला जातात, त्यांतले बरेच आमच्या आजूबाजूच्या गावांत होतात. घर आणि कारखाना यांत फरक एवढाच की घरात चूल असते. माती मळणं, साच्यातून काढणं, अंगाला रंग मारणं ही कामं घरातलं कोणीही करतं. डोळे मात्र एकच माणूस काढतो. डोळे काढण्याच्या त्या कामाला आखणी म्हणतात. आमच्याकडे आखणी वडिलांची होती, त्यांची नजर अधू झाली तशी ती माझ्याकडे आली. त्यांनी स्वतः बांधलेला, खारीच्या केसांचा एक ब्रश मला दिला. लग्न होऊन मी रोह्याला गेले तरी आषाढ लागला की सकाळची दिवा पॅसेंजर पकडून माहेरी यायची आणि सगळे डोळे काढून झाले की परत जायची. गिऱ्हाईक आलं की धाकटा भाऊ अभिमानाने सांगायचा, डोळे तायचे हायेत.

मला स्वयंपाक बेताचा येतो, शिवण येत नाही, गोड बोलणं तर मुळीच येत नाही. डोळे येत होते. जगात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. ते राहतं की जातं, एवढीच ही हकिगत आहे.

नव्वदनंतरच्या एका आषाढात पहिल्यांदा भावाने एक मूर्ती माझ्यापुढे आणून ठेवली. डोळे चांगले उतरले होते, पण गालावर रुपयाएवढा रंग उडालेला. मी म्हटलं, कोणाचा तरी धक्का लागला असेल. दुसऱ्या दिवशी तसल्या तीन निघाल्या, तेव्हा मी करंगळी बघितली. तिच्यावर गुलाबी रंग होता. ती गालावर चांगली दाबून बसली होती आणि मला तिने काही कळवलं नव्हतं.

बोटांना मुंग्या तर आधीपासून येत होत्या. मुंग्या कोणाला येत नाहीत? मी हात झटकायची आणि कामाला लागायची. पण मुंग्या यायच्या तशा जायच्या, तसं झालं नाही. त्या गेल्या आणि जाताना बोटं घेऊन गेल्या. मग तळपायांखाली कापूस पसरल्यासारखं वाटायला लागलं. रोह्याच्या बाजारातून मी एकदा एका पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठे निघाली ते मला कळलंच नाही. वाटेत दोन बायका माझ्या पायांकडे बघून हसल्या, तर मी त्यांच्याकडे रागाने बघितलं.

मी कोणाला काही बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी माझी मूठ खरोखरच झाकून ठेवली. ती उघडली सासूबाईंनी. सकाळी मी भाकऱ्या करत होते आणि त्या तांदूळ पाखडत समोर बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली टाकलं.

"अगो, बोट तव्याला लागलाय तुजा. कळत नाय काय तुला?"

मी हात मागे घेतला. चामडी पांढरी पडून फुगली होती. दुखत नव्हतं, आणि दुखत असल्याचं मला सोंगही आणता आलं नाही. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला लगेच समजलं, कारण माझ्याही मनात कित्येक दिवस तेच होतं. त्या वेळी एसटी स्टँडच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं की अंगावर बधिर चट्टा असेल तर लगेच दाखवा. बधिर हा शब्द आमच्याकडे कोणी बोलण्यात वापरत नसे. तो भिंतीवरचा शब्द होता, आणि त्याचा अर्थ एकच होता, महारोग.

दुसऱ्या दिवशी माझा कप वेगळा झाला. कान तुटलेला एक कप खिडकीत ठेवलेला दिसला आणि चहा त्यात ओतलेला होता. मी तो उचलला आणि प्यायले. मग ताट वेगळं झालं, टॉवेल वेगळा झाला. सासूबाई वाईट बाई नव्हत्या. माझ्या ताटात त्या सगळ्यांच्या आधी वाढायच्या, फक्त पळी ताटाला लागू द्यायच्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा आणि रागावता यायचं नाही. लहानपणी हमरापूरला तो आजार झालेली एक म्हातारी दारावर यायची. तिच्या ओंजळीत मी उंचावरून पाणी ओतायची, आणि ती गेल्यावर पायरी धुवायची. पायरी धुवायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

नवरा धाटावला एका कंपनीत वायरमन होता. शिफ्टवरून यायचा तो रसायनांचा वास घेऊन आणि झोपून जायचा. जागा असला की आई आणि मी यांच्यामध्ये कुठे उभं राहावं ते त्याला कळायचं नाही. तो माझ्याच ताटात जेवायला बसला असता तर मला आवडलं असतं. तो बसला नाही. मीही म्हटलं नाही.

शेवटी मीच सरकारी दवाखान्यात गेले. तिथे कुष्ठरोगाच्या तपासणीला एक वयस्कर माणूस बसायचा. घरोघर फिरून लोकांचे हातपाय बघायचा म्हणून गावात त्याला चट्टेवाला म्हणायचे. त्याने मला डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात अंगावर ठिकठिकाणी टेकवली. जिथे लागेल तिथे बोट ठेवायचं होतं. मी बराच वेळ वाट बघत बसले. मला वाटलं, अजून त्याने सुरुवात केलेली नाही. डोळे उघडले तेव्हा वात माझ्या मनगटावर होती.

त्याने कोपराजवळची शीर चाचपली, कानाच्या पाळ्या बघितल्या, पाठ बघितली. चट्टा कुठेच नव्हता. मग तो खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "हा तो आजार नाही. तो असता तर आजच गोळ्यांचं पाकीट दिलं असतं. बरा होतो तो. तुम्ही मुंबईला दाखवा."

असं मी कधी ऐकलं नव्हतं. ज्याच्या भीतीने माझा कप खिडकीत गेला होता, तो बरा होणारा निघाला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या म्हातारीची आठवण आली आणि मी पायरीवरच बसले.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाच-सहा फेऱ्या झाल्या. पाठीतलं पाणी काढलं, नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो काढले. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर मल्टिपल स्क्लेरोसिस असं लिहून दिलं आणि दोनदा वाचून दाखवलं. शरीरातल्या शिरांवर एक आवरण असतं, ते ठिकठिकाणी झिजतं, मग निरोप पोचत नाहीत, असं त्या म्हणाल्या. कधी बरं वाटेल, कधी वाढेल. एकदम वाढलं तर इंजेक्शनं देऊ. पण कायमचं औषध असं सध्या नाही. मी विचारलं, बोटं परत येतील का. त्या म्हणाल्या, काही येतील, काही येणार नाहीत. खोटं बोलल्या नाहीत म्हणून मला त्या आवडल्या.

नवऱ्याला मात्र हे एका झटक्यात समजलं.

"म्हणजे वायरचं कव्हर गेलाय," तो म्हणाला. "आतली तार ठीक हाय."

"मग बदल की वायर," मी म्हटलं.

आम्ही दोघं हसलो. परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पेण मागे पडलं, वडखळ गेलं. नागोठणं आलं तेव्हा मी पदर सारखा करायला खाली बघितलं, तर त्याने माझा हात धरून ठेवला होता. केव्हापासून ते मला माहीत नाही. इतक्या दिवसांनी त्याने हात धरला होता आणि मला तो बघून कळला. मी त्याला हे सांगितलं नाही. नजर तशीच त्या हातांवर ठेवून मी रोह्यापर्यंत आले, म्हणजे निदान बघितल्याचं तरी पदरात पडेल.

घरी सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. "तो रोग नाय ना, मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि तुटका कप उकिरड्यावर टाकून आल्या. त्या दिवशी घरापुरता माझा आजार संपला. माझ्या आजाराला थोडक्यात एम.एस. म्हणतात आणि पेणच्या एका सर्जनच्या पाटीवरही एम.एस. असं लिहिलेलं होतं, त्यावरून शेजारच्या काकू मला म्हणायच्या, काय गो, शिकायला गेलीस नाय आणि एम.एस. झालीस. मीही हसायची. कमरेला कोणीतरी पट्टा आवळून बांधलाय असं वाटायचं, पायऱ्या उतरताना पाय कुठे पडतो ते बघत उतरावं लागायचं, पण अंगावर दिसण्यासारखं काहीच नव्हतं. महारोगाची निदान लोकांना भीती वाटते. मला जे झालं होतं त्याची कोणाला भीतीही वाटत नव्हती. इतकं एकटं मला त्या तुटक्या कपाच्या दिवसांतही वाटलं नव्हतं.

पण आखणी होती. आषाढ लागला आणि मी पॅसेंजरमध्ये बसले.

भावाला मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, जमतील तेवढे काढ. मग त्याने मागची खोली झाडून मला दिली. तिथे खिडकी होती, उजेड चांगला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याचा त्रास नव्हता. मला मोठा मान वाटला. वडिलांनासुद्धा कधी वेगळी खोली मिळाली नव्हती. भाऊ दोन-दोन मूर्ती आणून ठेवायचा आणि डोळे झाले की वाळवायला म्हणून लगेच घेऊन जायचा.

मी युक्ती शोधून काढली होती. करंगळीला कळत नाही ना, मग तिच्याकडे बघायचं. करंगळी गालापाशी न्यायची, टेकली की डोळ्यांनी खात्री करायची, मग नजर ब्रशवर. परत करंगळीवर. परत ब्रशवर. पूर्वी दहा मिनिटांत व्हायचे ते डोळे तासाला एक जोडी असे व्हायला लागले. मान आखडायची. पण होत होते, आणि चांगले होत होते असं मला वाटत होतं. असे दोन हंगाम गेले. रोह्याला परतताना मी गाडीच्या खिडकीशी बसून स्वतःशीच फुशारकी मारायची की आपला हात जगन्नाथ.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या काकूंनी गणपती आमच्या कारखान्यातला हवा म्हणून हट्ट धरला. डोळे तूच काढ, त्यांनी बजावलं. मी त्यांची मूर्ती वेगळी निवडून घेतली आणि सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर घालवला. डोळे झाल्यावर हात बाजूला घेताना चूक झाली. करंगळी मूर्तीच्या डाव्या कानाच्या पाळीखाली घासली आणि तिथल्या ओल्या रंगात तिचा लांबट ठसा उठला. मी भावाला दाखवला. तो म्हणाला, राहू दे ताय, कानाच्या सावलीत दिसत नाय.

चतुर्थीला दुपारी आरती झाल्यावर मी काकूंकडे गेले. घर माणसांनी भरलेलं होतं. मी आत येताच काकूंनी सगळ्यांना सांगितलं, हिनं काढलेत डोळे. एक आजी म्हणाल्या, बघतोय जसा काय. मी कौतुकाने पुढे होऊन बघितलं. आधी कानाखालचा ठसा दिसला, माझ्या करंगळीचा. मग डोळे बघितले. ते माझे नव्हते.

हे दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. मी पापणीची रेघ डावीकडून ओढते, म्हणून तिची डावी बाजू किंचित जाड असते. दोन्ही डोळ्यांत तसंच. या डोळ्यांत जाड बाजू उजवीकडे होती. रेघ उजवीकडून ओढलेली होती. असं डावखुरं माणूस ओढतं, आणि आमच्या कारखान्यात डावखुरं माणूस एकच आहे, माझी भावजय.

ती लग्न होऊन आली तेव्हा वडील जिवंत होते. डाव्या हाताने देवाचे डोळे काढायचे नाहीत, हा त्यांचा कायदा. गावातही तसंच मानतात, गिऱ्हाईक तर हमखास मानतं. म्हणून ती पीतांबराचे काठ रंगवायची. वडील गेल्यावर एका पावसाळ्यात मीच गंमत म्हणून तिला फुटक्या मुंडक्यांवर डोळे काढायला शिकवलं होतं. तिचा हात छान होता. पण हे फुटक्या मुंडक्यांवरच हां, असंही मी तिला बजावलं होतं.

"काय सुरेख उतरलेत गो," काकू परत म्हणाल्या.

मी हं म्हटलं. प्रसादाचा मोदक हातात घेतला, हातात आहे ना ते बघितलं, आणि घरी आले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी मनातल्या मनात वीस वेळा तरी म्हटलं. विसर्जनापर्यंत मी कोणाकडे दर्शनाला गेले नाही. गणपती बघायची भीती वाटत होती.

गौरी-गणपती गेल्यावर मी हमरापूरला गेले. कारखाना रिकामा होता. भाऊ पेणला गेला होता. भावजय ओटीवर वाल सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि चार वाल सोलले. त्यातले दोन खाली पडले, ते तिने उचलून टोपात टाकले.

"तुझी रेघ उजवीकडून जाड येते," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. खोटं बोलावं की नाही याचा तिने थोडा वेळ विचार केला असावा.

"कळला तुमाला," ती म्हणाली.

"किती काढलेस?"

"सगलेच, ताय. तुमी खोली घेतलीत तवापासून. तुमचे पुसताना हे रडायचे."

तिने सांगितलं त्यावरून मला समजलं ते असं. माझे डोळे एक वर एक खाली यायला लागले होते. मी करंगळीकडे बघायची तेवढ्यात ब्रश सरकायचा. भाऊ मूर्ती वाळवायला म्हणून न्यायचा, ओल्या फडक्याने डोळे पुसायचा, आणि ती पडवीत दार लावून परत काढायची. डाव्या हाताचे आहेत हे बाहेर कळलं असतं तर मूर्ती कोणी घेतली नसती, म्हणून नाव माझंच चालू राहिलं. माझ्यासारखे दिसावेत म्हणून ती माझी एक जुनी मूर्ती समोर ठेवून बसायची. सासूबाईंनी कप वेगळा केला ते मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. भावाने खोली वेगळी केली ते तीन वर्षं कळलं नाही. उलट मी त्याला मान समजले होते.

मला फार राग आला. एवढी वर्षं मला फसवलंत, असं मी बोलणार होते. पण तिच्याकडे बघितलं आणि लक्षात आलं की तीन हंगाम तिने काढलेल्या एकाही डोळ्याला कोणी तिच्या नावाने छान म्हटलेलं नव्हतं. काकूंच्या घरात ते कौतुक मी घेऊन आले होते. डोळे तिचे आणि शाबासकी माझी, आणि दोघी दोन बंद खोल्यांत.

पुढच्या आषाढात मी गेले. मागच्या खोलीत गेले नाही. पुढे, गिऱ्हाईक येतं तिथे उजेडात पाट मांडला आणि भावजयीला त्यावर बसवलं. भाऊ कावराबावरा झाला. म्हणाला, ताय, लोक काय बोलतील? मी म्हटलं, बोलू देत, मी हाय ना भांडायला. भांडण मला डोळ्यांइतकंच चांगलं येतं, आणि त्याला बोटं लागत नाहीत.

मग पिशवीतून वडिलांचा ब्रश काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने आधी साडीला हात पुसले. सवयीने उजवा पुढे केला. मी मान हलवली तेव्हा तिने डावा केला. नंतर बराच वेळ ती माझ्याकडे बघत बसली आणि मी तिच्याकडे. ब्रश तिने घेतला की अजून माझ्याच बोटांत आहे, ते मला कळेना. मी खाली बघितलं. माझी बोटं तशीच मिटलेली होती आणि त्यांत काही नव्हतं.